सातव्या ओळीचं तापमान

तर ब्रायरने बुधवारी संध्याकाळी वॉम्बॅटच्या अर्ध्या ओळी कापल्या, आणि गुरुवारी सकाळी तिच्या आईचा फोन आला की कोल्ड रूममध्ये एकाहत्तर अंश झालेत. आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाला वाटेल? ब्रायरलाही नाही वाटलं.

"एकाहत्तर?" ती टोस्टवर व्हेजमाइट फासता फासता म्हणाली. "आई, एकाहत्तर अंशात अंडी शिजतात."

"मला काय सांगतेस, पडद्यावर येतंय. लाल अक्षरात. आणि मी आत उभी आहे, दोन स्वेटर घालून, आणि माझं नाक जागेवर आहे की नाही ते मला कळत नाहीये."

आई म्हणजे मोइरा. डनॅलीच्या पुढे खाडीत तिची कालवांची शेती. आणि दिवस कुठला, तर गुड फ्रायडेचा आदला. गुड फ्रायडेला मांस खायचं नसतं, म्हणून आदल्या दिवशी अख्ख्या होबार्ट शहराला कालवं हवी असतात. वर्षभराची अर्धी कमाई त्या एका दिवसाची, आणि सगळा माल रात्रीच काढून कोल्ड रूममध्ये रचून ठेवलेला. जिवंत. कालवं उन्हात ठेवली की मरतात आणि गोठवली तरी मरतात, फार नाजूक प्रकरण.

"मग नेव्हकाकाला विचार ना," ब्रायर म्हणाली. "त्यानेच बसवलंय ना ते सगळं?"

"तो बोट घेऊन गेलाय खाडीत. भरती आल्याशिवाय परतत नाही. फोन गाडीत ठेवून जातो, तुला माहितीये." मग आईने पडद्याकडे बघितलं. "बहात्तर झाले."

आता वॉम्बॅटचं सांगते. वॉम्बॅट म्हणजे बिळात राहतो तो प्राणी नव्हे. काळ्या खिडकीत 'वॉम्बॅट' असं टाइप केलं की डावीकडे अक्षरांनी काढलेला एक गुबगुबीत वॉम्बॅट उमटतो आणि उजवीकडे त्या कॉम्प्युटरची अख्खी कुंडली: नाव काय, किती दिवस जागा आहे, किती तापलाय, पोटात किती जागा उरलीये. बस, एवढाच प्रोग्राम. पण जगभरातली माणसं ते रोज सकाळी बघतात, देवाचं दर्शन घ्यावं तसं. तो लिहिला मटनबर्ड नावाच्या कुणीतरी. खरं नाव कुणाला माहीत नाही, चेहरा कुणी पाहिलेला नाही. ब्रायर दोन वर्षं त्याला दुरुस्त्या पाठवत होती आणि तो दोन वर्षं तिच्या दुरुस्त्यांची चिरफाड करत होता. आणि गेल्या महिन्यात अचानक त्याने लिहिलं: मी थकलो, आता तू सांभाळ. ब्रायर त्या रात्री झोपलीच नाही.

सांभाळायला मिळाल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर कुणी वेगळं काही न मागता जे आपोआप दिसतं ते बदललं. तिचं म्हणणं, वीस वीस ओळी कोण वाचतं? अक्षरांचा टाइप कुठला, हे कुणाला हवंय? निम्म्या ओळी उडवल्या, उरलेल्यांचा क्रम लावला, आणि वॉम्बॅटचं नुसतं डोकं ठेवलं. सुटसुटीत. सकाळपर्यंत तक्रारींचा हा ढीग. नॉर्वेच्या एकाने लिहिलं की धड कुठाय म्हणून आमची मुलगी रडतेय. ब्रायरला त्याचं एवढं काही वाटलं नाही. तिची नजर मटनबर्डच्या नावावर होती, आणि तो गप्प होता. तो गप्प असला की जास्त भीती वाटायची.

"ब्रायर, ऐकतेस ना? आता ते मेसेज पाठवतंय."

"कोण?"

"हे यंत्र. सगळ्या गिऱ्हाइकांना. 'खोली गरम झाली आहे, आजचा माल घेऊ नये.' बंदरावरच्या त्या शेफचं उत्तर आलंय, बहात्तर अंश म्हणजे शिजली असतील, लिंबू मारून पाठव म्हणतोय."

"आई, त्या कॉम्प्युटरवर काय दिसतंय ते मला वाचून दाखव. सगळं."

"काय दिसणार, ते तुमचं जनावर होतं ना, त्याचं मुंडकं उरलंय फक्त. आणि शेजारी काय काय. मेमरी, ब्याण्णव टक्के..."

"तापमान?"

"खोलीचं ते लाल अक्षरांतलं सोडलं तर तापमान नाहीये कुठे."

ब्रायरच्या हातातला टोस्ट खाली पडला, आणि व्हेजमाइटची बाजू खाली. तापमानाची ओळ तिनेच उडवली होती. तिथे मेमरी आणून बसवली होती. आणि डनॅलीच्या खाडीवर कुणीतरी महाभाग माणसांनी बघायचं ते यंत्राला वाचायला देऊन बसला होता.

"आई, प्लग काढ. कॉम्प्युटरचा. आत्ता."

खाड्खुड् आवाज आले. मग मोठ्ठी घरघर सुरू झाली.

"काढला. पण आता कॉम्प्रेसर जोरात सुटलाय."

"का?"

"नेव्हने चिकटवलंय इथे. कॉम्प्युटर मेला तर कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालेल, हात लावू नका. माल सडायला नको म्हणून." आईचा आवाज आता खरंच बारीक झाला. "ब्रायर, वरच्या टोपल्यांवर पांढरा बर्फ धरायला लागलाय गं."

"दार उघड. सताड. मी निघाले."

गाडीत बसायच्या आधी तिने वॉम्बॅटचं जुनं सगळं होतं तसं परत लावून टाकलं. त्याचा आईच्या शेडला उपयोग शून्य, कारण तिथला कॉम्प्युटर दिवसातून एकदा, पहाटेच, नवीन काय आलं ते घेतो. लगेच दुसऱ्या तक्रारी सुरू. नुसतं डोकंच छान होतं, ते कुणी घालवलं? तिने फोन मागच्या सीटवर फेकला. जाताना सगळ्या रस्त्यावर तिच्या डोक्यात एकच: आईचं वर्ष बुडालं, आणि ते मी बुडवलं, फॉन्टचं नाव नको म्हणून.

शेडवर पोचते तर बाहेर गाड्याच गाड्या. तिला वाटलं, झालं, पैसे परत मागायला आले. तर बंदरावरचा शेफ टोपली खांद्यावर घेऊन बाहेर येत होता. मागून आणखी दोघं, त्यांच्याही टोपल्या भरलेल्या. झालं असं होतं की आईने एकेकाला फोन केला, की यंत्राचं डोकं फिरलंय, माल ठणठणीत आहे, पण खोली रिकामी करायचीये, येऊन घेऊन जा. तर सगळे स्वतः आले. निम्मे माल न्यायला, आणि निम्मे बहात्तर अंशांत स्वेटर घालून उभी असलेली बाई बघायला. दुपारच्या आत खोली रिकामी. वरच्या एका टोपलीतली थोडी गेली, बाकी एक कालव मेलं नाही.

ब्रायर उलट्या टोपलीवर बसली आणि तिला एकदम हसू यायला लागलं, थांबेचना. आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. "हसतेस काय. मी गोठून मेले असते."

तेवढ्यात नेव्हकाका बोट लावून आला. आईच्या शेतीवरचा सत्तरीचा माणूस, इतका हळू बोलणारा की कालवांनाही जास्त आवाज असेल. त्याने ऐकून घेतलं, कॉम्प्रेसर बंद केला, कॉम्प्युटर चालू करून दिला. ब्रायरने आतली स्क्रिप्ट उघडली, म्हणजे यंत्राला लिहून दिलेल्या सूचना. सातवी ओळ घे, दुसरा शब्द उचल, त्यातून वीस वजा कर, ते खोलीचं तापमान. मेमरीचे ब्याण्णव वजा वीस, बहात्तर.

"वीस का?"

"कॉम्प्युटर खोलीपेक्षा तेवढा गरम असतो," नेव्हकाका म्हणाला. "थर्मामीटर टिकत नाहीत इथे. मीठ खातं त्यांना."

"पण ओळ मोजून? नेव्हकाका, हे कुठल्या गाढवाने तुला लिहून दिलं? उद्या ओळ हलली की संपलं. मटनबर्डने हे बघितलं असतं ना, तर सोलून वाळत घातलं असतं त्याला."

नेव्हकाका हातमोजे काढायला लागला. एक निघाला. दुसरा निघेना.

"मटनबर्डला माहितीये," तो म्हणाला.

"तू ओळखतोस त्याला?"

"रोज दाढी करताना भेटतो."

ब्रायरने त्याच्याकडे बघितलं. मग आईकडे. आई सुरीने कालव उघडत होती, तिला यातलं काही म्हणता काही कळलं नव्हतं.

"तू... म्हणजे ते सगळं... 'ही दुरुस्ती बघून माझा दिवस वाया गेला' असं मला तू लिहिलंस?"

"गेला होता," नेव्हकाका हळूच म्हणाला.

"आणि सांभाळायला मला का दिलंस? मी मोइराची पोरगी म्हणून?"

"ते नंतर कळलं. बाकीचे माझं ऐकून पळून जायचे. तू दुसऱ्या दिवशी परत यायचीस." तो टोपली ओढून शेजारी बसला. "आणि ओळी कापल्यास ते बरोबर केलंस. वीस फारच होत्या. फक्त ही ओळ मोजायची लबाडी माझी... मला वाटलं होतं, कुणी बघणार नाही."

ब्रायरच्या छातीवरचं सकाळपासूनचं ओझं कुठे गेलं कळलंच नाही. वाटीभर लिंबू आणि उघडलेली कालवं मध्ये ठेवून ती लिहायला बसली, की यंत्राने तापमान विचारायचं थेट कॉम्प्युटरला, ओळ कितवीही असो. नेव्हकाका मागून वाकून बघत होता, तोंडात कालव.

"तिथे एक जागा जास्त सोडलीस."

"हं."

"आणि हे नाव ठेवलंस? याला नाव म्हणतात?"

"बघतेय."

"खालचं सगळं पुसून टाक. वाचवत नाहीये."

आईने सुरी खाली ठेवली. "ए नेव्ह, पोरगी एवढ्या लांबून धावत आलीये. बोलतोस काय तिला असं?"

"बोलू दे गं, आई," ब्रायर पुसता पुसता म्हणाली. "दोन वर्षं तो माझं कौतुकच करतोय. मला आज कळलं."