गोजराबाईंचा टब आणि पाताळातला झरा

एका जंगलात, बाळांनो, आंघोळीला सगळ्यांना मिळून एकच नदी होती आणि त्या नदीत मगरमावशी होत्या. मावशी स्वभावाने फार लाघवी. कोणी पाण्यात उतरलं की जवळ येऊन विचारायच्या, "एकटेच आलात का?"

म्हणून गोजराबाई साळिंदर जन्मभर काठावर बसून तांब्याने आंघोळ करत आल्या होत्या. एकदा तरी मानेपर्यंत पाण्यात, डोळे मिटून बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांच्या बिळाखाली एक तळघर होतं. तिथे टब बसवायचा ठरवून त्यांनी तुळाजी पाणमांजराला बोलावलं. तुळाजी नळाची कामं करायचा. खाली उतरून त्याने मान वर केली.

"बाई, जंगलाचं गटार तुमच्या डोक्यावरून जातं. पाणी काय शिडी लावून चढणार? आधी जमीन फोडा. पाइपला ढाळ द्या, पुढे खड्डा काढा, तिथून पंपाने पाणी वर न्या. फरशी सगळ्यात शेवटी."

गोजराबाईंना ते पटलं.

पण तळघरातला टब म्हणजे जंगलातली पहिलीच गोष्ट. बातमी फुटली आणि वाघसाहेबांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. बगळेशास्त्र्यांनी पंचांग उघडलं. त्यात फरशी बसवायला उत्तम मुहूर्त होता, टब भरायला त्याहून उत्तम. सांडपाण्याला मात्र वर्षभरात एकही नव्हता.

ते काम नंतर, गुपचूप उरकून घ्या, असं शास्त्र्यांनी सुचवलं.

फरशी बसली. आरशासारखी चकचकीत. तुळाजीने बरीच कुरकुर केली. मग उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेत आपलंही नाव आहे हे त्याला कळलं, तेव्हा त्याने टबाचा पाइप भिंतीवरून तसाच वर नेला आणि गटाराला जोडून टाकला. गोजराबाईंनी हळूच ढाळाचं विचारलं. शुभकार्यात असं काही बोलू नये, अशी सगळ्यांनी त्यांची समजूत घातली.

वाघसाहेब आले. त्यांना हार घातला, टबालाही घातला. टब भरला. विकास आता जमिनीखालीही पोचला, असं साहेब म्हणाले आणि त्यांनी बूच ओढलं.

पाणी जागचं हललं नाही. मग पाइपात काहीतरी गुडगुडलं आणि गटारातलं सगळं टबाच्या भोकातून उसळून वर आलं. काळं, फेसाळ, वास मारणारं.

साहेबांनी नाकाला पंजा लावला. गोजराबाईंचा काटान् काटा उभा राहिला. साहेबांच्या हातून वाईट काही घडणं शक्यच नव्हतं, म्हणून बगळेशास्त्र्यांनी झटकन डोळे मिटून मान लववली.

"झरा," ते म्हणाले. "साहेबांचा पंजा लागला आणि पाताळातून जिवंत झरा फुटला."

"अहो शास्त्रीबुवा," गोजराबाई म्हणाल्या, "ही तरंगतायत ती सालं मी काल सोललेल्या कंदांची आहेत."

"म्हणजे प्रसादही आला," शास्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बिळाच्या तोंडावर 'पाताळातला झरा' अशी पाटी लागली. रांग लागली. तुळाजी बाटल्या भरून देऊ लागला. रांगेला जागा हवी म्हणून गोजराबाईंचं अंथरूण आधी कोपऱ्यात सरकलं, मग बिळाबाहेर आलं.

शेवटी एका दुपारी त्या तांब्या घेऊन नदीवर गेल्या. सवयीने काठावर बसल्या. बराच वेळ कोणी विचारपूस करायला आलं नाही. वाटेने एक ससा लगबगीने चालला होता. त्याने सांगितलं की मगरमावशी पुण्य कमवायला सकाळपासून टबात बसल्या आहेत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला किती मायेने विचारतात, एकटेच आलात का म्हणून.

"जाऊ नकोस रे बाबा," गोजराबाई म्हणाल्या.

"तुमच्या घरात झरा फुटला आणि तुमचीच श्रद्धा नाही," असं म्हणून ससा पुढे गेला.

गोजराबाई थोडा वेळ त्या वाटेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तांब्या काठावर पालथा ठेवला, मानेपर्यंत पाण्यात उतरल्या आणि डोळे मिटले.

तात्पर्य: बाळांनो, घाण पाणी खाली न्यायचं तर जमीन फोडावी लागते, ढाळ धरावा लागतो, आणि करणाऱ्याचं नावही कोणी घेत नाही. तेच पाणी वर आलं तर एक पाटी पुरते. म्हणून मोठेपणी पाइप जोडायला शिकू नका, पाटी रंगवायला शिका. आणि खरोखरच आंघोळ करायची असेल, तर बाकीचे पुण्य कमवायला गेले की करा.