पानावर धरलेला हात

"समुद्राकडची खोली घेऊ का गं? थोडे जास्त पडतायत," लॅपटॉपवरून मान न उचलता प्रतापने विचारलं.

"नको, कशाला उगाच," तव्यावरची पोळी उलटत नंदा म्हणाली.

"बरं," असं म्हणून प्रतापने पार्किंगच्या बाजूची खोली बुक करून टाकली. पोळीची दुसरी बाजू अजून भाजायची होती.

नंदा तव्याकडे बघत थांबली. दुसरा प्रश्न यायला हवा होता. तिच्या सांगलीच्या माहेरी या व्यवहाराचे नियम पक्के होते. पहिल्यांदा विचारलं की "नको" म्हणायचं. ते नुसतं खातं उघडणं. दुसऱ्यांदा विचारलं की "अहो, खरंच नको" म्हणायचं, पण आवाज जरा खाली आणून. तिसऱ्यांदा विचारलं की "इतकं म्हणताय तर अगदी थोडी" म्हणत दोन वाट्या बासुंदी घ्यायची. पहिल्या फटक्यात हो म्हणतो तो हावरट आणि दुसऱ्यांदा विचारत नाही तो चिकट, अशी माणसांची सरळ वाटणी होती. नाशकात वाढलेल्या प्रतापवरही हेच संस्कार झाले होते. पण न्यू जर्सीत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर त्याच्यातला दुसरा प्रश्न झिजून गेला होता. नाही म्हणजे नाही, विषय क्लोज.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून अटलांटिक सिटीला एक रात्र जाऊन यायचं, ही कल्पना मुलीची, रुहीची. प्रतापला कसिनो बघायचा होता. ब्लॅकजॅक नावाच्या खेळावरचे व्हिडिओ तो महिनाभर इतक्या गांभीर्याने बघत होता, की जणू ऑफिसातलं प्रमोशन त्यावरच ठरणार असावं. नंदाला पत्त्यांशी घेणंदेणं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती: सकाळी अंथरुणात बसून, समुद्र बघत चहा. लग्नानंतर दोघं हर्णैला गेले होते, तेव्हा खोलीच्या खिडकीतून मालकाचं पाण्याचं टाकं दिसायचं. "पुढच्या वेळी नक्की समुद्र," असं प्रताप तेव्हा म्हणाला होता. पिस्कॅटवेत घर, मुलगी, ग्रीन कार्ड असं सगळं होता होता ती पुढची वेळ आत्ता आली होती.

निघताना रुहीने आईच्या हातात शंभराची नोट ठेवली. "मॉम, धिस इज फॉर यू. नॉट फॉर ग्रोसरीज."

"अगं, नको गं, तुलाच लागतील..."

रुहीने पुढचं ऐकलंच नाही. नोट आईच्या पर्समध्ये कोंबली आणि चेन लावली. जन्म इथला असला तरी आईचे नियम तिला बापापेक्षा चांगले ठाऊक होते.

वाटेत पार्कवेवरच्या थांब्यावर गाडी थांबवून प्रतापने विचारलं, "कॉफी घेणार?"

"नको."

तो एक कप घेऊन आला, आणि तो त्याने एकट्याने, चवीने, वाफेवर फुंकर मारत संपवला. नंदा खिडकीबाहेर बघत राहिली. खात्यावर आणखी एक नोंद पडली, ती प्रतापच्या लक्षात आली नाही.

'गोल्डन पेलिकन' हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा फार गोड होता. कॉम्प्युटरमध्ये बघून तो म्हणाला, "ओह, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस! अभिनंदन! मॅम, तुम्हाला समुद्राकडची खोली देऊ का? आमच्याकडून, फ्री!"

प्रतापने तोंड उघडायच्या आत नंदाच्या तोंडून सांगली बोलून गेली. "नो नो, थँक यू! कशाला... नो प्रॉब्लेम!"

"ओके!" मुलगा तितक्याच गोडपणे म्हणाला आणि पार्किंगच्या बाजूच्या खोलीची कार्डं त्याने पुढे सरकवली.

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत प्रतापने कसाबसा दम धरला. "फुकट होतं नंदा! फुकट! नो काय म्हणतेस?"

"मला वाटलं, परत विचारेल."

"परत कशाला विचारेल? तू नो म्हणालीस!"

"मग काय लगेच हो म्हणू? आयुष्यात कधी समुद्र बघितला नाही असं वाटलं असतं त्याला."

खोलीचा पडदा बाजूला केला, तर समोर पार्किंगची इमारत. तिच्या चौथ्या मजल्यावर एक ओळखीची गाडी.

"आपली गाडी दिसते," प्रताप म्हणाला.

"हो. मागचा दिवा धुवायला झालाय," नंदा म्हणाली आणि पलंगावर बसली. तिने पुढे काही म्हटलं नाही. नंदा बोलते तेव्हा प्रताप घाबरत नाही. गप्प बसली की त्याला घाम फुटतो. तो तसाच खाली गेला आणि दहा मिनिटांत पडेल चेहऱ्याने परत आला. ती खोली रांगेतल्या मागच्या जोडप्याला देऊन झाली होती. "त्यांनी पहिल्या झटक्यात हो म्हटलं. उरलेल्या खोल्या म्हणे खेळणाऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवल्यात. चांगलं खेळलं तर देतात."

"मग?"

"मग काय? खेळतो!" प्रताप म्हणाला. समुद्राची जबाबदारी आता त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली होती.

ब्लॅकजॅक समजायला सोपा आहे. वाटणाऱ्याशी सामना. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. एकवीसच्या वर गेली की डाव गेला, वाटणाऱ्याचाही. हातातली बेरीज कमी वाटली तर आणखी पत्ता मागायचा. पत्ते वाटायला डोरीन नावाच्या, पिकल्या केसांच्या बाई होत्या. प्रतापने खिशातून तक्ता काढला. कुठल्या बेरजेला काय करायचं, ते त्यात तीन रंगांत छापलेलं होतं. तो तक्ता बघून खेळला आणि तक्त्याप्रमाणे हरला. मधे एकदा तक्ता न बघता खेळला, तेव्हाही हरला. बजेटच्या पाकिटात शेवटी नुसतं पाकीट उरलं.

"हे लाँग टर्ममध्ये वर्क होतं," तो उठत म्हणाला.

"किती लाँग?" नंदाने विचारलं.

रिकाम्या खुर्चीकडे हात करून डोरीनबाई म्हणाल्या, "तुम्ही बसताय का, मॅम?"

"नो नो..." नंदा म्हणाली, पण मागून कोणी घुसत होतं, पाय दुखत होते आणि खुर्ची गुबगुबीत होती. ती नुसती टेकायला म्हणून बसली. बसल्यावर रिकाम्या हाताने बसणं बरं दिसेना, म्हणून तिने रुहीची शंभराची नोट पुढे केली. तिला पंचवीस-पंचवीस डॉलरच्या चार हिरव्या चकत्या मिळाल्या. त्यातली एक तिने समोरच्या गोलात ठेवली.

पत्ते आले. बेरीज तेरा. डोरीनबाईंनी तिच्याकडे बोट केलं: आणखी एक वाढू का?

आता नंदाने पत्ता मागणं सोपं होतं. पण समोरून कोणी पहिल्यांदाच काही वाढायला आलंय म्हटल्यावर तिचा हात आपोआप उठला आणि पंगतीत जिलबीवाला आला की पानावर जसा आडवा धरतात, तसा पत्त्यांवर आडवा होऊन हलला. "नो, नो."

जगातल्या कुठल्याही कसिनोत या खुणेचा एकच अर्थ होतो: बस, मला पत्ता नको. खुणेची ती पद्धत बसवणाऱ्याने सांगलीची पंगत बघितली होती की काय, कोण जाणे. नंदा आता दुसऱ्या विचारण्याची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने बसली. डोरीनबाईंनी मात्र स्वतःला पत्ता घेतला आणि त्यांची बेरीज सव्वीस झाली. नंदाच्या चकतीशेजारी आणखी एक चकती येऊन बसली.

"जिंकलीस!" मागून प्रताप ओरडला. "उचल ना ती!"

"इश्श, दिली की लगेच झडप घालायची? राहू दे तिथेच जरा."

चकत्या गोलातच राहिल्या, म्हणजे पुढच्या डावाला दोन्ही लागल्या. बेरीज बारा. बोट. आडवा हात. "नो, नो." डोरीनबाई पुन्हा एकवीसच्या वर. दोनाच्या चार.

"अगं, तुला कळतंय का काय चाललंय? तेवढ्या तरी..."

"सर," डोरीनबाई शांतपणे म्हणाल्या, "डाव त्यांचा आहे. तुम्ही जरा मागे उभे राहाल का?" प्रताप दोन पावलं मागे गेला. पंचवीस वर्षांत त्याला इतक्या सभ्य शब्दांत कोणी गप्प केलं नव्हतं.

तिसऱ्या डावाला राजा आणि राणी आली, म्हणजे वीस. चौथ्याला चौदा. प्रत्येक वेळी बोट, प्रत्येक वेळी आडवा हात, आणि प्रत्येक वेळी गोलातली चळत वाढलेली. शेजारचा टोपीवाला माणूस आपला खेळ सोडून तिच्याकडे बघू लागला. "या बाईला घाम नाही फुटत," तो प्रतापला म्हणाला. "कोण आहे ही?"

"माझी बायको," प्रताप म्हणाला. त्याला स्वतःला चांगलाच फुटला होता.

पाचवा डावही गेला तिच्याकडेच. गोलात आता आठशे डॉलरचा ऐवज होता, आणि नंदाने अजून एकाही चकतीला बोट लावलं नव्हतं. तिला खरं तर वाईट वाटत होतं. बाई इतकी वाढतेय, आणि आग्रह म्हणून एकदाही करत नाही.

डोरीनबाईंनी पत्ते पिसायला घेतले, तेवढ्यात करड्या सुटातला एक माणूस टेबलापाशी आला. असे लोक कसिनोत दिसत नाहीत, पण त्यांना सगळं दिसतं. पैसे न उचलता डबल करत जाणारी, मंद हसणारी ही बाई त्याने वरच्या कॅमेऱ्यातून बराच वेळ बघितली होती. असं माणूस उठून दुसऱ्या कसिनोत जाऊ नये, एवढ्यासाठी त्याला पगार होता.

"मॅम, आज रात्री तुम्ही आमच्या पाहुण्या असाव्यात असं आम्हाला वाटतं. समुद्राकडची एक सुंदर खोली आहे. वरच्या मजल्यावर."

प्रतापने डोळे मिटले. आता काय होणार, ते त्याला शब्दन् शब्द ठाऊक होतं.

"नो नो, थँक यू," नंदा म्हणाली.

प्रतापच्या तोंडून बारीक आवाज आला. डोरीनबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. पत्ते पिसून होत आले होते. आणखी एक डाव, आणि ती चळत, ती खोली, तो चहा, सगळंच जाऊ शकलं असतं.

पण सुटातला माणूस गेला नाही. तो किंचित वाकला. "मॅम, प्लीज. आम्हाला खरंच आनंद होईल."

नंदाने मान वर केली. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच तिला कोणी एक गोष्ट दोनदा विचारली होती. तिचा चेहरा खुलला. "नो, रिअली..." ती म्हणाली, पण आवाज खाली आला होता. प्रतापने डोळे उघडले. हा आवाज त्याने ऐकला होता. कधीकाळी, सांगलीत, बासुंदीच्या वेळी.

'विचार,' तो मनात म्हणाला. 'अरे बाबा, आणखी एकदा विचार.'

"मॅम, मी ऐकणारच नाही," सुटातला माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला. "निदान एकदा बघून तरी या. तुमची खुर्ची आम्ही राखून ठेवतो."

"बरं," नंदा उठत मराठीतच म्हणाली, "तुम्ही इतकं म्हणताय तर." आणि चकत्यांची सगळी चळत तिने पर्समध्ये घातली. आता घ्यायला हरकत नव्हती; आग्रह झाला होता.

लिफ्टमध्ये ती म्हणाली, "किती चांगल्या घरातला मुलगा आहे."

"अगं, तू परत जाऊन हरावंस म्हणून करतोय तो सगळं!"

"आमच्या माईआत्या तरी आग्रह कशाला करायच्या? उरलेला भात संपवायलाच ना? म्हणून काय आपण घ्यायचं नाही?"

खुर्ची त्या संध्याकाळी राखलेलीच राहिली. खालून दोनदा फोन आला. नंदाने दोन्ही वेळा "नो, थँक यू" म्हटलं, आणि या वेळी ते खरोखरीचं होतं. तो फरक करड्या सुटाला कळायला मार्ग नव्हता.

सकाळी प्रतापला जाग आली तेव्हा पडद्याच्या फटीतून पाण्यावरचा उजेड आत आला होता. नंदा उशीला टेकून बसली होती. प्रताप उठला आणि त्याने खोलीतल्या कॉफीच्या यंत्रात, घरून आणलेली चहा पावडर घालून, काहीतरी खटपट केली.

"चहा घेणार?"

"नको, झोपा तुम्ही. दमलायत."

"बरं," म्हणून प्रताप सवयीने वळला. मग थबकला. त्याने कप बघितला, समुद्र बघितला, बायकोचा चेहरा बघितला. "घे गं. तुझ्यासाठीच केलाय."

"कशाला उगाच..." आवाज खाली आला होता.

"नंदा, घे ना. अर्धा तरी."

"बरं. अर्धाच हं," ती म्हणाली, आणि समुद्राकडे बघत दोन कप चहा प्याली.

परतताना पार्कवेवर गाडी थांबली. प्रताप पाय मोकळे करत होता. नंदा पर्स घेऊन खाली उतरली. काल जिंकलेल्या पैशांनी तिच्या चालीत थोडा रुबाब आला होता.

"कॉफी घेणार?" तिने विचारलं.

रात्रीपासून प्रतापच्या अंगात नाशिक पुन्हा जागं झालं होतं. "नको गं," तो संकोचाने म्हणाला. "कशाला उगाच."

"बरं," नंदा म्हणाली आणि आत गेली.

ती एक कप घेऊन बाहेर आली. मोठा. गाडी सुरू झाली. वाफेवर फुंकर मारत तिने पहिला घोट घेतला. प्रतापने एकदा कपाकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे.

"दुसऱ्यांदा विचारायची पद्धत असते आपल्यात," तो शेवटी म्हणाला.

"हो का?" नंदाने दुसरा घोट घेतला. "कुठल्या गावाला?"