पंच्याऐंशीच्या आत

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी आमच्या कारखान्यात कमरा मोजतात. नळाच्या तोट्या बनवणाऱ्यांच्या कमरा कशाला मोजायच्या, असा प्रश्न जपानमधल्या आमच्या नागोयात कोणी विचारत नाही. पुरुषाचा घेर पंच्याऐंशी सेंटीमीटरच्या आत असला की तो निरोगी. पंच्याऐंशी भरला की तो आरोग्य-मार्गदर्शनास पात्र. पात्र माणसं वाढली की विभागाचा नंबर घसरतो आणि आमचे ओनोदेरासाहेब आठवडाभर कोणाशी बोलत नाहीत.

आमच्यात पात्र एकच होता, दोबाशी. घेर चौऱ्याण्णव. त्याचा रक्तदाब लहान पोरासारखा, पण त्याला विचारतो कोण. काजितानीची कंबर सत्त्याहत्तर भरली तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच नर्सने त्याच्या दंडाला पट्टा आवळला आणि एकशे अठ्ठ्याऐंशी, खाली एकशे बारा, असं पुटपुटत ती पुढच्या माणसाकडे गेली.

काजितानी घाबरला. त्याच्याच वयात त्याचे वडील डोक्यातली रक्तवाहिनी फुटून गेले होते. तो आरोग्य विभागाच्या मुरासुगीबाईंकडे गेला.

"बाई, मला बुधवारी पाचला सोडाल का? दवाखाना सहाला बंद होतो."

"बुधवारी पाचला फक्त मार्गदर्शनवाले सुटतात. तुम्ही निरोगी आहात."

"आणि हे प्रेशर?"

"प्रेशर कमरेनंतर. आधी कंबर बसली पाहिजे ना नियमात."

मग तो साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "रजा घे की. कायद्याने दिलेली आहे."

"तुम्ही कधी घेतलीत, साहेब?"

कोणीतरी त्यांच्या बायकोविषयी काही वावगं बोलावं, तसा साहेबांचा चेहरा झाला.

तोडगा दोबाशीने काढला. "लेका, आठ सेंटीमीटरचा तर प्रश्न आहे. मला विचार. मी चौऱ्याण्णव केलेत, तेही कोणाच्या मदतीशिवाय."

साहेबांनी परवानगी दिली, पण विभागाच्या हिताची एक अट घातली. पात्र माणूस एकच राहील. एक बाहेर जाणार असेल तर दुसऱ्याने आत यावं. तेव्हापासून दोबाशी उकडलेला कोबी चावत बसला आणि त्याच्या वाटणीचं आम्ही काजितानीला भरवू लागलो. मिसोचा खारट सॉस ओतलेलं तळलेलं डुक्कर, कोंबडीचे पंख, नूडल्स. वाडग्यात रस्सा उरला की साहेब स्वतः लक्ष घालत. "पी. सगळं मीठ खालीच असतं." बियर विभागाकडून.

हिवाळ्यात काजितानीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

"पट्ट्याचं भोक कितवं?" साहेबांनी विचारलं.

"शेवटचं."

"मग प्रगती आहे."

पुढच्या जूनमध्ये फीत बरोबर पंच्याऐंशीवर थांबली. मुरासुगीबाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला. "अभिनंदन. आजपासून तुमच्या तब्येतीची आम्हाला काळजी आहे."

बुधवारी पाचला त्याला सोडलं, ते थेट तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. तिथे साडेसहापर्यंत जागच्या जागी चालायचं होतं.

"बाई, दवाखाना सहाला..."

"मार्गदर्शन बुडवून दवाखान्यात? जिवाची काही पर्वा आहे की नाही तुम्हाला?"

उद्दिष्ट ठरलं, आठ सेंटीमीटर कमी. काजितानी आज्ञाधारक माणूस. पावसाळा गेला, त्यामागून येणारा इथला उन्हाळा गेला आणि तो पुन्हा सत्त्याहत्तरवर आला. बाईंनी त्याला बरा झाल्याचं जाहीर केलं. बरा झाल्यामुळे त्याचं पाचला सुटणं बंद झालं. पोस्टरसाठी फोटो काढायचं ठरलं. आधीचा जूनमध्ये काढलेला होताच, आता नंतरचा.

त्याच हॉलमध्ये नंतरच्या फोटोच्या वेळी फोटोवाला म्हणाला, "हसा. नाही, सरळ हसा."

"हसतोय," असं काहीतरी काजितानी म्हणाला. तोंडाची एकच बाजू हलली.

"डावीकडूनसुद्धा हसा."

मुरासुगीबाईंनी फीत पुन्हा लावून पाहिली. सत्त्याहत्तरच होती. "काही बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या.

दोबाशीने मात्र काजितानीच्या डाव्या हातातून पडलेला चहाचा कप पाहिला. त्याने काजितानीला खांद्यावर टाकलं आणि तो तीन मजले पळत उतरला. लिफ्ट आरोग्य सप्ताहानिमित्त बंद होती. दवाखाना उघडा होता, कारण तो गुरुवार होता आणि दुपारचे तीन वाजले होते. त्या वेळी आम्ही कोणीच तिथे कधी गेलो नव्हतो.

काजितानी वाचला. डावा हात अजून उचलत नाही, आणि स्वतःचं नाव सांगायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागतो. कारखान्याच्या पत्रकात ओनोदेरासाहेबांनी लिहिलं की, पंच्याऐंशीचा माणूस इतक्या चटकन खाली नेता आला नसता, सबब मार्गदर्शनाने एक जीव वाचवला.

पोस्टर जिन्यात लागलं आहे. अर्ध्या हसण्यासकट. जाता-येता लोक थांबतात आणि म्हणतात, काय बारीक झालाय.

त्यांना नावं ठेवू नका. काजितानीची कंबर किती, हे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. त्याचं प्रेशर किती होतं, ते वर न बघता सांगा.