मोठ्या जावयाचा जडत्वावरचा प्रयोग

जडत्व या विषयात अख्ख्या नागपूर जिल्ह्यात माझा हात धरणारा माणूस नाही! अठरा वर्षं झाली, नववीच्या वर्गाला मी न्यूटनचे तिन्ही नियम शिकवतोय. मुलं झोपेतसुद्धा म्हणून दाखवतात. (खरं सांगायचं तर झोपेतच म्हणतात.) तेव्हा ही हकीकतही मी प्रयोगवहीत लिहावी तशीच लिहिणार. शिस्तीत!

उद्देश : सासऱ्यांचं उपरणं मिळवणे.

थांबा, हे खोडतो.

उद्देश : गतिमान वस्तूच्या जडत्वाचा अभ्यास करणे.

साहित्य : एक हातमाग. एक धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी, दोन्ही टोकांना चोच असलेली लाकडी होडी. एक गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून आमरस. सासरे, सासू, बायको प्रत्येकी एक. आणि एक साडू.

साडूबद्दल मात्र एका ओळीत भागणार नाही.

अभिजीत. माझ्या मेहुणीचा नवरा. नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त करतो. हे तो स्वतः कधीच सांगत नाही, आणि हीच तर त्याची बदमाशी! सासूबाई सांगतात. शेजारणीला, भाजीवाल्याला, दारात आलेल्या मीटरवाल्याला. माझ्याबद्दल कुणी विचारलंच तर म्हणतात, "ते शाळेत असतात." जणू मी अजून पास व्हायचोय!

तर अधिक महिना लागला आणि दोन्ही जावयांना उमरेडच्या सासुरवाडीहून जेवणाचं बोलावणं आलं. अभिजीत गाडीनं आला, सदऱ्याची इस्त्री जशीच्या तशी. मी आणि माझी बायको भैरवी एसटीनं. ब्रेक लागला की उभा प्रवासी पुढे पडतो, हे मी रस्ताभर एका काकांच्या पाठीवर सिद्ध करत आलो.

सासरे बबनराव जन्मभर विणकर. गुडघे साथ देईनात म्हणून यंदा माग बंद केला. शेवटच्या ताण्यातून, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांतून, एकच उपरणं निघालं, पांढरंशुभ्र, लाल करवती काठाचं. ते खुंटीवर लटकत होतं.

"एकच हाये जी," सासरे म्हणाले. "आन् जावई दोन. जेवणं झाल्यावर पाहू."

पाहू? त्यात पाहायचं काय! मोठा जावई मी. अकरा वर्षांचा अनुभव. हा तर कालचा, चार वर्षांचा! ते उपरणं सासऱ्यांनी ज्याच्या खांद्यावर टाकलं, तो खरा जावई. दुसरा नुसता मुलीचा नवरा.

कृती :

सुरुवात त्यानं केली. वहीत तशी नोंद असू द्या.

"बाबा, हे चालते कसं?" अभिजीतनं मागाकडे बोट दाखवलं. प्रश्न विचारून मोठ्यांना खूश करणारी ही जमात मला वर्गातही आवडत नाही. मागावर वीतभर ताणा अजून उरलेला होता. सासऱ्यांनी त्याला मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसवलं, दोरीची मूठ हातात दिली. त्यानं हलकाच झटका दिला.

टक! धोटा या टोकाहून त्या टोकाला.

टक! त्या टोकाहून परत.

"वा गा पोरा!" सासरे ओरडले. "काय हलका हात हाये तुहा!"

गा! ऐकलंत? अकरा वर्षांत मला ते पाहुण्याच्या 'जी'च्या पुढे गेले नाहीत, आणि याला दोन टकटकीत घरच्या पोराचं 'गा'!

"यात विशेष काही नाही, बाबा," मी म्हणालो. "बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. ऊठ अभिजीत."

तो लगेच उठला, "बसा दादा," म्हणाला आणि अंगणात हात धुवायला गेला. राग येईल असं काही करतच नाही हा माणूस! म्हणून तर राग येतो.

"अवो, तुम्ही काहून मधात पडून राहिले?" भैरवी कुजबुजली.

"पडून नाही, बसून राहिलो!"

"हळू जी," सासरे म्हणाले. "पायाखालची फळी पुरी दाबा. धाग्यांचं तोंड उघडू द्या. मंग दोरी. जोर नाही लागत, ताल लागते."

पण अठरा वर्षांचा शिक्षक सूचना ऐकत नसतो, देत असतो! मी अभिजीतच्या दुप्पट बल लावायचं ठरवलं. ऐन वेळी तिप्पट लागलं. फळी मात्र अर्धीच दाबली गेली.

टक

दुसरा टक आलाच नाही.

निरीक्षण : बंद धाग्यांवर आपटून धोटा उसळला आणि दारातून बाहेर गेला. सरळ रेषेत. न्यूटन बरोबर होता!

त्याच दारातून सासूबाई रसाचा गंज घेऊन येत होत्या. धोटा त्यांच्या नाकासमोरून सूं करून गेला. सासूबाई जागच्या जागी थांबल्या. गंज थांबला.

रस थांबला नाही.

"धरा! धरा!" म्हणत मी दाराकडे धावलो. काय धरायचं, ते कुणालाच कळलं नाही. माझा पाय रसावर पडला, पाठोपाठ तोंडही. घर्षण शून्य. इथून पुढे वाक्यं पूर्ण करणं माझ्या हातात नव्हतं.

उंबरठा

ओसरीचा खांब (निसटता)

अनारशांचं ताट, मोजून तेहतीस (पैकी सत्तावीस नंतर सापडले)

पायरी

पायरी

"माय वं!" (हे मी)

बाहेरून बल लागत नाही तोवर गतिमान वस्तू चालतच राहते. बाहेरून बल लागलं. त्याचं नाव अभिजीत! ओले हात पसरून त्यानं मला असं झेललं, जसं काही धावपट्टी सोडून आलेलं विमानच.

"धरलं, दादा!"

सासरे लंगडत बाहेर आले. हाताला लागलं ते कापड घेऊन त्यांनी माझं तोंड पुसलं, मान पुसली, कान पुसले.

"अवो!" सासूबाई किंचाळल्या. "ते उपरणं हाये!"

सासऱ्यांनी उपरण्याकडे पाहिलं. काठ लाल होता. बाकी सगळं पिवळं.

"मंग आता हे तुमचंच जी," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर टाकलं.

जिंकलो! साडूचा पडलेला चेहरा बघायला मी डोळे उघडायला गेलो. पापण्या रसानं चिकटलेल्या, उघडेनात. ऐकू मात्र सगळं आलं.

"तू काळजी नोको करू गा, अभिजीत. तुह्यासाठी नवा ताणा लावतो. रविवारी येत जाय, विणायचं शिकवतो तुले."

"आणि तुमचे गुडघे, बाबा?" मी आंधळ्यानंच विचारलं.

"गुडघ्यांचं काय घेऊन बसले जी!"

निष्कर्ष : (जागा सोडली आहे.)

भैरवीनं उपरणं सात वेळा धुतलं. डाग हलत नाही. तोही स्थिर वस्तूच.

माग पुन्हा चालू झालाय. दर रविवारी अभिजीत विणतो, सासरे "वा गा!" म्हणतात. मीही जातो. मोठा जावई आहे, गेलंच पाहिजे! सासऱ्यांनी मलाही एक काम दिलंय. धोटा सुरू व्हायच्या आधी मागाच्या खोलीचं दार नीट लावून घ्यायचं.

बाहेरून.