प्रभंजनची हजेरी

एका जंगलात, मुलांनो, करवंदं चोरीला जायची. जांभळंही जायची. पण करवंदं जास्त.

करवंदं राजाच्या कोठारातली होती. कोठार शाळेच्या अगदी समोर होतं. चोरी सकाळी व्हायची, घंटा झाल्यावर. असं का, हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत होतं.

"कुंपण उंच करा," फौजदार रानडुक्कर म्हणाले.

"संस्कार कमी पडतात," हेडमास्तर बगळे म्हणाले. ते एका पायावर उभे होते. महत्त्वाचं बोलताना ते नेहमी एकाच पायावर उभे राहत.

सिंहमहाराजांनी जांभई दिली. "शेजारच्या जंगलात म्हणे आधी अभ्यास करतात. आपणही करू. कोण करतं अभ्यास?"

त्या जंगलात साळबा नावाचं एक साळिंदर होतं. साळबा फार लाजाळू. चार जण जमले की त्याचे काटे उभे राहायचे आणि शेजारचे उठून जायचे. त्यामुळे त्याला एकेकाशीच बोलायची सवय लागली होती. तो एक प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचा. समोरचा कंटाळून खरं बोलायचा. या कामाला संशोधन म्हणतात, मुलांनो.

साळबा कोठाराजवळच्या जांभळीखाली जाऊन बसला. तिथे एक मुंगसाचं पिल्लू करवंदं खात होतं. त्याचं नाव भुरक्या.

"काका, तुम्ही फौजदाराचे का?"

"नाही रे. मी संशोधक."

"म्हणजे काय करता?"

"विचारतो. मग ऐकतो."

"आणि मारता कधी?"

"मारत नाही."

भुरक्याचा विश्वास बसला नाही. पण त्याने चार करवंदं पुढे केली. साळबाने ती घेतली नाहीत. संशोधकाने घ्यायची नसतात. मग भुरक्याने बिया थुंकल्या आणि सांगितलं.

त्याचं बीळ नाल्यापलीकडे होतं. नाल्याला पाणी असलं की वळसा पडायचा. तो शाळेत पोचेपर्यंत घंटा झालेली असायची आणि घंटा झाली की फाटक बंद. असं तीन दिवस झालं आणि त्याचं नाव पटावरून गेलं.

"आत पोरं पाढे म्हणतात. मी बाहेर. समोर कोठार. सकाळपासून पोटात काही नाही. तुम्ही काय केलं असतं, काका?"

साळबाने आपलाच एक काटा उपटला आणि लिहायला लागला.

"मला परत जायचंय," भुरक्या म्हणाला. "भागाकारापर्यंत आलो होतो. गुरुजी म्हणाले, शेवटी थोडं उरतं. त्या उरलेल्याचं काय करतात, ते मला कळलंच नाही. तेव्हाच नाव गेलं."

साळबा म्हणाला, "मी हे राजाला सांगतो. तुझं नाव येणार नाही. शपथ. दुसरं नाव लिहीन."

"मग चांगलं तरी लिहा. प्रभंजन लिहा."

"प्रभंजन?"

"मोठं वाटतं ना!"

साळबा अकरा जणांशी बोलला. अहवाल दोनशे पानांचा झाला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'यातील सर्व नावे बदललेली आहेत.' शेवटच्या पानावर शिफारस होती, 'घंटेनंतर शाळेचे फाटक पाव तास उघडे ठेवावे.' दरबाराने मधली पानं वाचली.

प्रभंजनची गोष्ट ऐकून महाराजांच्या मिशा ओल्या झाल्या.

"बगळे! या प्रभंजनला उद्यापासून शाळेत घ्या!"

"घेतो, महाराज. आणि ते फाटकाचं?"

"फाटकाचं काय?"

"काही नाही, महाराज."

साळबाचे काटे उभे राहिले. शेजारचे उठून गेले. "महाराज, प्रभंजन नाहीये."

"नाहीये?"

"म्हणजे आहे. पण तो प्रभंजन नाही."

"मग कोण आहे?"

फौजदारांनी हळूच वही उघडली. पेन्सिल ओली केली. "हां, बोला साळबा. कोण आहे?"

नाव सांगावं तर भुरक्या कोठडीत. न सांगावं तर भुरक्या फाटकाबाहेर. साळबाने फार विचार केला. त्याने शपथ घेतली होती. तो गप्प बसला, आणि या वेळी त्याच्या गप्प बसण्याने दुसरं कोणी खरं बोललं नाही.

बगळेसरांनी प्रभंजनला दोन दिवस शोधलं. सापडला नाही. पण महाराजांची आज्ञा होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी पटावर नाव घातलं आणि पुढे लिहिलं, 'हजर'.

ही बातमी भुरक्याला लागली. तो पळत पळत, नाल्याला वळसा घालून, फाटकाशी आला. घंटा होऊन गेली होती.

"सर, मीच प्रभंजन!"

बगळेसर फाटकाच्या फटीतून म्हणाले, "थापा मारतोस? प्रभंजन सकाळपासून वर्गात आहे. एक दिवस उशीर नाही त्याला. शीक काहीतरी त्याच्याकडून."

वर्षाअखेरी प्रभंजन पहिला आला. त्याला आदर्श विद्यार्थी म्हणून शाल दिली. त्याच्या वतीने ती बगळेसरांनी स्वीकारली. फौजदारांनीही हिशेब जुळवला. चोऱ्या प्रभंजन करत होता, प्रभंजन आता शाळेत असतो, म्हणून चोऱ्या बंद. करवंदं कमी होतच होती. ती सुकत असणार, असं ठरलं.

महाराज खूश झाले. "साळबा, तुमच्या अभ्यासाने पोरगं सुधारलं. आता नवा अभ्यास करा. प्रभंजन सुधारला कसा?"

साळबा पुन्हा जांभळीखाली गेला. भुरक्या तिथेच होता. थोडा वाढला होता.

"काका, प्रभंजनचा भागाकार झाला का?"

"झाला. पैकीच्या पैकी मार्क पडले."

"मग त्यालाच विचारा ना. उरलेल्याचं काय करतात?"

साळबाने वही उघडली. मग मिटली. त्याने एक काटा उपटला आणि मातीत एक रेघ ओढली.

"इकडे सरक," तो म्हणाला. "ती करवंदं आण. किती आहेत?"

"सतरा."

"पाच जणांत वाट."

भुरक्याने वाटली. प्रत्येकी तीन. दोन उरली. तो त्या दोन करवंदांकडे बराच वेळ पाहत राहिला. समोर फाटक बंद होतं. आत सगळी पोरं पाढे म्हणत होती, आणि मास्तर हजेरीत सर्वांत आधी प्रभंजनचं नाव घेत होते.

तात्पर्य : मुलांनो, शाळेत रोज वेळेवर पोचायचं असेल, तर खरोखरीचं असू नये. खरोखरीच्या मुलांना वाटेत नाला लागतो.