भुजंगाचे हस्ताक्षर

सज्जनाचे पत्र उत्तर लिहून झाले की चुलीत जाते आणि दुर्जनाचे पत्र चौकटीत जाते, हा समाजाचा जुना व न्याय्य नियम आहे. निजामी अमदानीत अंबडच्या प्रतिष्ठितांनी तो निष्ठेने पाळला.

सुरुवात भालचंद्र वकिलांनी केली. दरोडेखोरांच्या टोळीचा म्होरक्या भुजंग तेव्हा तुरुंगात होता. वकिलांनी त्याला आदरपूर्वक पत्र लिहून खुशाली विचारली. उत्तर आले : "खुशाल आहे. तंबाखू पाठवावी." खाली दारोग्याचा उर्दू शिक्का. वकिलांनी ते बैठकीत टांगले.

"आपल्या लग्नाचा फोटो काढून तिथं दरोडेखोर लावला?" सरोजिनीबाईंनी विचारले.

"लग्न सगळ्यांचंच होतं," वकील म्हणाले. (हे कायद्याने बिनतोड होते.)

मग गावात चढाओढ लागली. श्रीपती हेडमास्तरांनी भुजंगाची तीन पत्रे मिळवली, त्यांपैकी एकात चक्क शिवी होती. ते भाग्य वकिलांना लाभले नव्हते, म्हणून त्यांना आठवडाभर जेवण गेले नाही. अदलाबदलीचा भावही ठरला : दोन खिसेकापूंना एक दरोडेखोर. भुरट्या चोरांना कोणी विचारीना. तंबाखू मात्र अंबडात मिळेनाशी झाली.

यथावकाश भुजंग सुटला. त्याचा जाहीर सत्कार ठरला. हार घालून झाल्यावर वकिलांनी त्याच्यापुढे टाक ठेवला. "सर्वांसमक्ष दोन ओळी लिहाव्यात."

भुजंग लाजला. "मला कुठं लिव्हता येतंय, साहेब? रामकिसन मास्तर लिव्हून द्यायचे."

"ते कोणत्या टोळीचे?"

"टोळी न्हाई. सभेत भाषण केलं म्हणून आत आल्ते. लई देवमाणूस. मुंगी मारली न्हाई कधी."

सभेत हाहाकार उडाला. इतकी वर्षे आपल्या भिंतींवर एका सज्जनाचे अक्षर होते! हेडमास्तरांनी डोके धरले. "म्हणजे ती शिवी?"

"शिवी माझी. मास्तर लिव्हत नव्हते, मी लई हातापाया पडलो."

हेडमास्तरांचा जीव भांड्यात पडला. वकिलांना मात्र शिवीचा आधार नव्हता, म्हणून त्यांनीच तोडगा काढला : प्रत्येक पत्रावर भुजंगाने अंगठा उठवावा. लगेच शाई आली, रांग लागली, भाव पूर्वीपेक्षा चढला.

रांगेत केदारखेड्याचा एक शेतकरीही होता. त्याच्या हातात पत्र नव्हते. पाळी आल्यावर तो म्हणाला, "भुजंगा, माझी बैलजोडी कुठं इकली रे?"

भुजंगाने मान खाली घातली. "याद न्हाई, दादा. पण बैल गुणी होते. हाक न मारता चालायचे."

"व्हय," शेतकरी म्हणाला. "तसेच होते."

भुजंगाच्या स्मरणशक्तीवर सभेने टाळ्या वाजवल्या. मंडळींनी शेतकऱ्याला हळूच बाजूला सारले, कारण शाई वाळत चालली होती.

सत्काराच्या वृत्तांतात त्या शेतकऱ्याचे नाव नाही. वाचकहो, ते तुम्हीही विचारणार नाही. तुम्ही विचाराल ते मला ठाऊक आहे, आणि त्याचे उत्तर असे की हो, शिवीवाले एक पत्र अजून शिल्लक आहे.