साहेबांचा ट्राउट आणि सिद्रामप्पांचा उंडा

त्या दिवशी सकाळी सिद्रामप्पांनी कानांवरून मफलर गुंडाळला, तेवढंच काय ते त्यांच्या मनाप्रमाणं झालं. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं.

मार्गशीर्ष संपत आला होता. नळदुर्गच्या किल्ल्याकडून येणारा वारा असा बोचरा, की कचेरीतली दौतसुद्धा शाई द्यायला कुरकुर करत होती. सिद्रामप्पा त्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. निजाम सरकारचा कारभार उर्दूत चालायचा आणि सिद्रामप्पांचं उर्दू बेताचंच. घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत ‘जी हुजूर’, अशी त्यांनी भाषांची वाटणी करून टाकली होती. (दोनच शब्दांवर नोकरी करता येते का, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी तिसरा शब्द बोलून बघावा.)

मफलर सोलापूरचा, घोंगडीइतका जाड. त्यावर दाबून बसवलेली टोपी. त्यामुळं समोरच्या गादीवर बसलेल्या नायब तहसीलदारांचा आवाज त्यांना विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. मफलर सोडावा की राहू द्यावा, असा सिद्रामप्पांनी घटकाभर विचार केला आणि राहू दिला. ऐकू आलं काय नि न आलं काय, उत्तर तर ठरलेलंच होतं.

“क्यों सिद्रामप्पा,” नायबसाहेबांनी विचारलं, “मछली का शौक है?”

सिद्रामप्पांच्या मफलरमधून आत पोचली ती ‘इमली’. चिंच! साहेबांना आज चिंचेची आठवण झालेली बघून त्यांना भरून आलं.

“जी हुजूर! बचपन से!”

नायबसाहेबांनी त्यांच्या कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांकडं नीट पाहिलं. लिंगायत माणूस, आणि मासे?

“खाते भी हो?”

“रोज, हुजूर. दोनो वखत. उसके बगैर आमटीकू मजाच नै. घरवाली तो धूप में सुखाके, नमक लगाके, सालभर मडके में भरके रखती.”

“और पकडते कैसे हो?”

“पत्थर मारके, हुजूर.”

“पत्थर मारके?”

“एक पत्थर में चार-चार गिरते. नै तो पेड पे चढके हिलाते.”

झाडावर चढून मासे पाडायची रीत नायबसाहेबांनी कधी ऐकली नव्हती. पण ते पडले हैदराबाद शहरातले. इकडं खेड्यापाड्यांत काय काय चालत असेल, असं म्हणून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “बस, तुमही हमारे उस्ताद!”

उस्ताद झाल्याच्या आनंदात सिद्रामप्पा बाहेर व्हरांड्यात आले. तिथं मकबूल चपराशी शेकोटीजवळ बसून पोट धरून हसत होता. हसू आवरल्यावर त्यानं मफलर सोडायला लावला आणि कानात खरा शब्द सांगितला.

सिद्रामप्पा तसेच माघारी वळले.

“जाऊन सांगतो साहेबांना, चुकलं म्हणून.”

“आता कशाला सांगता? तुमचं नाव घेऊन धाराशिवला निरोपाचा घोडेस्वार गेला बी.”

मग मकबूलनं सगळं उलगडून सांगितलं. धाराशिवचे तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे बडे अंमलदार, मागं काश्मीरला जाऊन आले होते. तिथल्या ओढ्यांत त्यांनी ट्राउट नावाचे मासे गळानं पकडले आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नव्हतं. पाण्यात जे पोहतं ते ट्राउट, असं त्यांचं साधं गणित. त्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी हैदराबादहून रोहू माशांची बोटाएवढी पिल्लं माठांत भरून आणवली होती आणि अणदूरच्या वाटेवरच्या तलावात सोडून ती नायबसाहेबांच्या हवाली केली होती. आता ते स्वतः येणार होते, येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी, माशांची वाढ बघायला आणि शिकार करायला. पण पिल्लं सोडल्यापासून तलावात कुणाला माशाचं शेपूटसुद्धा दिसलं नव्हतं. बगळ्यांनी सगळी खाल्ली, असं लोक म्हणत. म्हणून साहेबांसमोर मासा काढून दाखवणारा उस्ताद नायबसाहेबांना हवा होता.

“मासा न्हाय निघाला तर नायबसाहेबांची बदली होती पार जंगलात,” मकबूल म्हणाला. “आन ते जाताना उस्तादाला बी संगं नेणार!”

घरी येऊन सिद्रामप्पांनी बायकोला, शिवकांताला, सगळी हकीकत सांगितली. चिंचेपाशी ती इतकी हसली, की चुलीवरची भाकरी करपली. माशापाशी मात्र तिचं हसू थांबलं.

“तुमच्या गळ्यात लिंग हाय. ध्यानात हाय न्हवं?”

“हाय की.”

“मग?”

“मग काय? न्हाय म्हटलं तर नोकरी जाती, व्हय म्हटलं तर धरम जातो. म्या जावं कुठं?”

शिवकांतानं परातीतल्या पिठावर मूठ आपटली. मग म्हणाली, “जावा. काठी धरून बसा. पण किड्याला हात लावायचा न्हाय. आन मासा लागू द्यायचा न्हाय.”

“मासा काय मला इचारून लागणार हाय का?”

“ते मला सांगू नका. तुमी कचेरीतलं शिकलेलं माणूस हाव.”

येळवस झाली. रानात पांडवांची पूजा झाली, पालेभाज्यांची भज्जी, आंबील आणि बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे पोटभर खाऊन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकांतानं उरलेले उंडे फडक्यात बांधून नवऱ्याच्या हातात दिले आणि आपला उस्ताद तलावाकडं रवाना केला.

सिद्रामप्पा बैलगाडीतून सारी वाट हात जोडून बसले होते. अणदूरच्या दिशेला तोंड करून ते खंडोबाला विनवत होते, “देवा, आज एक बी मासा लागू देऊ नगंस.” (बिचाऱ्यांच्या ध्यानातच आलं नाही, की मार्गशीर्षात खंडोबा अणदूर सोडून नळदुर्गला येतो आणि पौषी पुनवेपर्यंत तिथंच मुक्काम करतो. विनवणी रिकाम्या देवळाकडं चालली होती.)

तलावावर तंबू लागला होता. तालुकदारसाहेब गुडघ्यापर्यंतचे बूट घालून पाण्याच्या काठावर उभे होते. त्यांच्या हातात विलायती गळ, गळाला चरखी आणि दोरीच्या टोकाला माशी म्हणून रंगीत पिसाचा तुरा. सिद्रामप्पांना पाहून त्यांना कोण आनंद झाला.

“यही है वो उस्ताद? सुना है, पत्थर से शिकार करते हो! दिखाओ!”

नायबसाहेबांनी डोळ्यांनी आर्जव केलं. सिद्रामप्पांनी एक धोंडा उचलला, कानडीतून खंडोबाला ‘मैलारलिंगा’ म्हणाले आणि डोळे मिटून फेकला. धोंडा बरोबर साहेबांच्या तुऱ्याशेजारी धबकन पडला. साहेबांच्या मिशीपासून बुटापर्यंत पाणी उडालं. तलावाच्या पार पलीकडच्या काठावरचे बगळे उडून गेले. मासा मात्र एकही वर आला नाही.

“ठंड में पत्थर नै चलता, हुजूर,” सिद्रामप्पा कसंबसं म्हणाले.

साहेबांनी मिशी पुसली. “तो फिर बंसी लो,” म्हणून त्यांनी आपला दुसरा गळ पुढं केला.

मकबूलनं गांडुळांचा डबा उघडून समोर धरला. आत ओली लालभडक वळवळ. सिद्रामप्पांनी मान फिरवली. त्यांना बायकोची ताकीद आठवली, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात असा काही विचार चमकला, की अंगावरची थंडीच पळाली. गळाला उंडा लावला तर? बाजरीच्या उंड्याला कुठला मासा तोंड लावणार! किड्याला हात लागायला नको, मासा लागायला नको. काठी धरल्याची नोकरी आणि मासा न लागल्याचा धर्म, दोन्ही जागच्या जागी!

त्यांनी फडकं सोडलं, उंड्याचा लचका तोडून आकड्यात घट्ट दाबला आणि गळ पाण्यात सोडून अगदी निवांत बसले.

सूर्य वर आला. साहेबांनी तुरे बदलून पाहिले. लाल, पिवळा, मोरपंखी. पाणी हलेना. थंडीनं मासे तळाला बसलेत, असं नायबसाहेब मधूनमधून सांगत आणि साहेब नुसतं “हूं” म्हणत. प्रत्येक ‘हूं’गणिक नायबसाहेबांचा चेहरा उतरत गेला. शेवटी साहेब गळ गुंडाळायला लागले.

“नायबसाहब, मछलियां गईं कहां?” त्यांचा आवाज थंड होता. “पानी में हैं, या किसी के पेट में?”

सिद्रामप्पांनी नायबसाहेबांकडं पाहिलं. एरवी कचेरी दणाणून सोडणारा तो माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा होता. या माणसानं कधी कुणाचा पै-पैसा खाल्ला नव्हता, आणि मासे खाल्ल्याचा आळ त्याच्यावर आला होता. एखादा लागला असता तर बरं झालं असतं, असं सिद्रामप्पांच्या मनात आलं मात्र—

काठी वाकली.

वाकली म्हणजे कमान झाली. चरखी कर्र कर्र ओरडत सुटली.

“लागला!” सिद्रामप्पा किंचाळले. “ओ साहेब! धरा कुणीतरी! ह्ये मला वढतंय!”

“छोडना मत!” साहेब ओरडले.

“ढील दो!” नायबसाहेब ओरडले.

“पाय रोवा!” मकबूल ओरडला.

सिद्रामप्पांनी तिन्ही हुकूम एकदम पाळले आणि सरळ पाण्यात गेले.

कमरेएवढं पाणी, आणि बर्फासारखं. टोपी एकीकडं तरंगत गेली, धोतर दुसरीकडं निघालं. पण काठी सुटली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सिद्रामप्पा कुणाला ‘जी हुजूर’ म्हणत नव्हते. ते माशाला कानडीतून शिव्या देत होते. मासा डावीकडं पळाला की तेही डावीकडं, तो उजवीकडं वळला की तेही उजवीकडं. एकदा तो पाण्याबाहेर उसळला आणि उन्हात तांब्याच्या हंड्यासारखा झळकला. काठावरची सगळी मंडळी एकदम “अबब!” म्हणाली. बगळ्यांनी खाल्ला नव्हता तर! बगळ्यांनाच खाऊ शकेल, एवढा झाला होता.

शेवटी दोघंही दमले. मासा जरा आधी दमला, एवढाच फरक. सिद्रामप्पांनी काठी बगलेत मारली, पुढं झेप घेतली आणि त्याला दोन्ही हातांनी, गळ्यातल्या लिंगाला शिवू न देता, लहान लेकरासारखा कडेवर घेतला. तसेच ते पाण्यातून चालत काठावर आले. दात वाजत होते, धोतराचा पत्ता नव्हता, पण छाती अशी पुढं आली होती, की सदऱ्याच्या गुंड्या ताणल्या होत्या.

तालुकदारसाहेबांनी स्वतःची शाल काढून त्यांच्या अंगावर घातली. “काश्मीर में भी ऐसा ट्राउट नहीं देखा!” ते पुनःपुन्हा म्हणत होते. नायबसाहेबांच्या पाठीवर तर त्यांनी अशी थाप मारली, की बदली, जंगल, आळ सगळं एका थापेत झडून गेलं. नायबसाहेबांनी डोळे पुसले आणि सिद्रामप्पांचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. एवढा मोठा अंमलदार आपला हात धरून उभा आहे, हे सिद्रामप्पांना शालीपेक्षा उबदार वाटलं.

“उस्ताद, चारा क्या था?” साहेबांनी विचारलं.

“उंडा, हुजूर.”

“अंडा?”

“जी हुजूर,” सिद्रामप्पा सवयीनं म्हणून गेले. (तेव्हापासून तालुकदारसाहेब गळाला उकडलेलं अंडं लावून बसायचे, असं म्हणतात.)

निघताना साहेबांनी फर्मावलं, की मासा शिकाऱ्याच्याच घरी जाईल, आणि वाजतगाजत जाईल. नाही म्हणायची सोय नव्हती. मासा बांबूला टांगला. पुढून एक शिपाई, मागून मकबूल. त्यांच्यामागं शालीत गुंडाळलेले सिद्रामप्पा आणि मध्येच कुठूनतरी मिळालेला एक हलगीवाला. नळदुर्गच्या बाजारातून वरात निघाली तेव्हा दुकानदार गल्ले सोडून बाहेर आले. सिद्रामप्पा दोन्ही बाजूंना मान झुकवत चालले होते. गोष्ट कशी सांगायची, तेही त्यांनी मनात बांधून ठेवलं होतं. सुरुवात काठी वाकली तिथून करायची, आणि चिंचेचा भाग गाळायचा.

वरात लिंगायत गल्लीच्या तोंडाशी आली. दारादारांत माणसं. आणि त्यांच्या स्वतःच्या दारात, कमरेला पदर खोचून, शिवकांता. तिनं माशाकडं पाहिलं. शालीकडं पाहिलं. शालीखाली धोतर नाही, हेही पाहिलं. सिद्रामप्पांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच तिचा आवाज साऱ्या गल्लीभर घुमला.

“अय्यो देवा! वाचले गं बाई माझे मालक! तळ्यात पडले व्हते! मकबूलभाईनं मासा बी धरला आन यास्नी बी धरून काढलं! मकबूलभाई, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. तो तुमचा मासा घेऊन जावा आता घरी, तुमची जमिलाबी वाट बघत आसंल!”

मकबूलनं सिद्रामप्पांकडं पाहिलं. सिद्रामप्पांनी बायकोकडं पाहिलं. मग मकबूल पटकन “जी, भाभी,” म्हणाला आणि हलगीसकट वरात पुढं, त्याच्या घराकडं वळली. सगळी गल्ली त्याच्यामागं टाळ्या वाजवत गेली.

न्हाणीत कढत पाणी अंगावर घेताना सिद्रामप्पांनी बायकोला हळूच सगळं खरं सांगितलं. तिनं पाठीवर पाणी ओतत शेवटपर्यंत ऐकलं.

“उंड्यालाच लागला?” तिनं विचारलं.

“उंड्यालाच.”

“तरी म्हटलं,” शिवकांता खुशीत म्हणाली, “औंदा उंडे लई झकास जमल्यात.”

संध्याकाळी शेजारचे म्हातारे रेवणप्पा मुद्दाम काठी टेकत चौकशीला आले. त्यांनी सिद्रामप्पांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का, ते पाहिलं, आणि मोठ्या मायेनं समजावलं, “सिद्रामप्पा, काठाकाठानं चालावं, बाळा. तिथं एवढी माणसं काय काय पराक्रम करत व्हती, आन तुमी नुसतं बघता बघता पडलाव?”

“व्हय, आप्पा,” सिद्रामप्पा म्हणाले.